मोकळी दाखवलेली जागा

३ मार्च
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या माणसाने, कोणाला न विचारता, ताईच्या श्वासयंत्रात नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राला चालवणारा आतला प्रोग्रॅम, भरलं आणि पसार झाला. त्याच वेळी मी दोन बॅगा घेऊन ताईकडे कायमची राहायला आले. खोली उन्हाची, पडदे नवे. मी खूश! पण यंत्र सुरू होता होताच बंद पडतंय, आणि त्याच्याशिवाय आडवं झालं की ताईला श्वास पुरत नाही. ती खुर्चीत बसूनच झोपली.

४ मार्च
कंपनीला फोन केला. तिथला दिवटा म्हणाला, आजी, बटण नीट दाबा. त्याला सांगितलं, मी तुझी आजी नाही, आणि तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी यंत्रांचे असले प्रोग्रॅम लिहायचंच काम करत होते. ताई म्हणाली, तू निवृत्त झालीस, तुझी जीभ कधी होणार?

५ मार्च
वायर जोडून लॅपटॉपवर पाहिलं. यंत्र जागं होताना फर्मवेअर त्याला मेमरीतली कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी ते सांगतं. एक जागा मोकळी म्हणून सांगितली आहे. तिथे काहीतरी बसलेलं आहे. यंत्र तिथे लिहायला जातं आणि कोसळतं. मी एक ओळ घातली: ही जागा राखीव, हात लावू नये. यंत्र सुरू झालं, ताई आडवी झाली. शाळेत सिस्टर अशा कामाला सोनेरी चांदणी चिकटवायच्या.

७ मार्च
त्या जागेतल्या आकड्यांचा आलेख काढला. श्वास आहेत. ताईचे आखूड असतात. हे लांब, सावकाश. कंपनी म्हणते, तिथे काही नाही.

८ मार्च
ताई मास्क खुंटीला लावून आंघोळीला गेली. लॅपटॉपवरची तिच्या श्वासांची रेघ थांबली. त्या जागेतली दुसरी चालूच.

१० मार्च
ताईचे श्वास आणखी आखूड. ती म्हणते, झोप छान लागते. माझी ओळ काढली तर तिथे जे बसलंय ते पुसलं जाईल, पण यंत्र बंद पडेल. ठेवली तर — भीती वाटायला हवी. वाटत नाही. माझेच हात दुसऱ्या कोणाचे असावेत तसे वाटतात.

११ मार्च
ताई ओ देत नाही. डॉक्टर आले, म्हणाले गाढ झोप आहे, श्वास उत्तम. लांब. सावकाश. पण लॅपटॉपवर ताईची रेघ सपाट —

कंपनीला कळवलंय: १३ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. त्या जागेत कोण होतं, आणि माझी बहीण कुठे —

ताईचे डोळे उघडले. मी बसलेय त्या खुर्चीकडे ते पाहतायत. जणू खुर्ची मोक