थोरल्या बहिणीला काहीही न देण्याबाबत

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. समीक्षकांचे मत वेगळे आहे, पण ते माझे वारस नाहीत.

१. राहते घर यजमानांना. माझ्या पाचही कादंबऱ्यांतला प्रियकर आपणच, अशी त्यांची समजूत असून आल्यागेल्याला ते तसे सांगतात. वस्तुतः तो आमचा कुत्रा होता. दारात वाट बघणे, सगळे ऐकून घेणे आणि सल्ला न देणे हे गुण मला अन्यत्र आढळले नाहीत. तरीही जन्म काढला तो यजमानांबरोबरच, आणि ते मला आवडतात. हे वाक्य त्यांनी पाहुण्यांना खुशाल दाखवावे.

२. लिहिण्याचे टेबल मुलाला. डुगडुगत्या पायाखाली एका समीक्षकाचा जाडजूड ग्रंथ आहे, तो काढू नये. त्या ग्रंथाचा कोणाला आधार झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. माझी खोली वापरण्याचा हक्क सूनबाईंना. दार आतून बंद होते, याचे मोल त्यांना कळेल.

३. मांजर, नाव मालकीण. यजमानांना तिच्यामुळे शिंका येतात, मुलाच्या इमारतीत प्राणी चालत नाहीत. राहता राहिली माझी थोरली बहीण.

माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक मावशी आहे. ती लोकांच्या घरी जाऊन सगळ्यात मऊ खुर्ची बळकावते, दुधाला नाक मुरडते आणि कोणाचे उपकार मानत नाही. पुस्तक वाचून ताईने फोन केला, "मला चारचौघांत उघडं पाडलंस!" मी म्हटले, "अगं, ती तू नाहीस, आमची मांजर आहे." "म्हणजे मी मांजरासारखी?" म्हणून तिने फोन आपटला. त्याला अकरा वर्षे झाली. मला तिची रोज आठवण येते.

मांजर ताईच्या नावे करा म्हटल्यावर वकिलांनी विचारले, "साक्षीला कोण?"

"तीच."

"मग मांजर विसरा. साक्षीदाराला काही देता येत नाही, बाई."

"आणि सही?"

"ती तुमच्यासमोर बसून करावी लागते."

मी मांजर खोडली.

४. सबब, थोरल्या बहिणीला काहीही देण्यात आलेले नाही. वकिलांनी तिला तसे स्पष्ट कळवून सहीला बोलवावे. अपमान झाला की ती हटकून येते.

ठिकाण: माझी लिहिण्याची खोली.
दिनांक: ताई येईल तो.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: वकील (सही)

साक्षीदार दुसरे: थोरली बहीण (सही)
सगळं वाचलं. चहा पाणचट होता. मऊ खुर्ची मांजरीने अडवलेली, म्हणून स्टुलावर बसून सही केली. मांजर आजच घेऊन जाते. जिवंतपणी दिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, वकिलांना विचारून घेतलंय. तुला तिला बघायचं असेल तर आता माझ्याकडे यावं लागेल.