बिनदांड्याची किटली

सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. लवंगी हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दादा, म्हणजे तुझा बाबा, रोज सकाळी फिरायला म्हणून निघतो, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो आणि मैलभर चालून आल्यासारखा दमून परत येतो. वहिनीने तुझ्या खोलीचे पडदे बदलले. रंग मला आवडला नाही, पण तुझ्या आईला सांगायची माझी छाती नाही. तूच सांग.

माझं अक्षर पाहून नाक मुरडू नकोस. पेन नवं आहे आणि टेबल डुगडुगतं, असं समज. मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगून बसली आहेस, हेही वहिनीकडून कळलं. त्याचं पुढे सांगते. तुझ्या उशीच्या अभ्र्याचंही पुढे. आधी किटली.

किटलीबद्दलचं तुझं उत्तर मिळालं. त्यासाठी हे पत्र आहे, आभार मानायला. आत्याने भाचीचे आभार मानायचे म्हणजे जरा जडच जातं, पण मानते.

गेल्या वर्षी आली होतीस तेव्हा माझ्या टॅबलेटवर ते चित्रं काढायचं ॲप टाकून गेलीस. म्हणालीस, "आत्या, ही तुझी दोसुतीच आहे, नुसती दोऱ्याशिवाय. एक टाका म्हणजे एक चौकोन. तुझं भरतकाम तेच आमचं पिक्सेल आर्ट, चौकोन भरत काढलेलं चित्र." मग तेच चित्र थोडं थोडं बदलून पुन्हा काढायचं, सगळी एकामागून एक पळवायची, की ते हलतं, हेही दाखवलंस. मी तेव्हा हसले होते. जन्मभर शाळेत मुलींना भरतकाम शिकवलं, आता म्हातारपणी काचेवर टाके घालू होय! पण या उन्हाळ्यानंतर हाती घेतलं. का, ते विचारू नकोस. घेतलं खरं, आणि आपल्या स्वयंपाकघरातली किटली काढली, झाकण उडणारी, वाफ सोडणारी.

तुला पाठवण्याआधी ती घरात दाखवली होती. दादा म्हणाला, "वा! अप्रतिम!" वहिनी म्हणाली, "अगं, किती गोड! अगदी खरी!" मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम किटलीचा दांडा पुसून टाकला आणि पुन्हा दाखवली. दादाने चष्मा लावला, काढला, परत लावला, आणि म्हणतो कसा, "कालच्यापेक्षा सुरेख. मोकळी वाटते."

"दादा, ही उचलायची कशी?"

"चित्रातली किटली कोण उचलायला जातंय?"

वहिनीने तर टाळ्या वाजवल्या. बिनदांड्याच्या किटलीला टाळ्या! मला त्या दिवशी घास गेला नाही. तू म्हणशील, कौतुक झालं तर हिला दुखायला काय झालं? थांब, येते तिथवर.

दांडा परत काढला आणि तुला पाठवली. खाली एवढंच लिहिलं, "कशी आहे?" दुसऱ्याच दिवशी तुझा दणका आला. मला तो पाठ झालाय. "आत्या, खरं सांगू? ही किटली नाही, फुगलेली उशी आहे. सावली चारी बाजूंनी कशी? खिडकी कुठे आहे ते आधी ठरव, मग उजेड कर. राखाडी रंगाच्या एवढ्या छटा कशाला, तिनांत भागव. शेवटच्या चित्रावरून फिरून पहिल्यावर येताना उचकी लागल्यासारखी दचकते. आणि मुख्य म्हणजे झाकण आणि वाफ कवायत करताहेत, एकदम वर, एकदम खाली. पाणी उकळतंय हे तुझ्या किटलीला कुणी सांगितलेलंच नाही. तू टाके मोजणारी बाई, एवढा ढिसाळपणा तुझा नव्हे. उसव आणि परत घाल." त्याखाली, "आणि माझा अभ्रा कुठे अडलाय?"

उसव आणि परत घाल! माझंच वाक्य माझ्याच अंगावर. लहानपणी तू रुमाल भरून आणायचीस, मी तो उलटा करून मागच्या गाठी बघायचे आणि हेच म्हणायचे. तू पाय आपटत जायचीस, पण उसवायचीस. आता पुरती फेड झाली बाई.

तुझं वाचून मी हसले, आणि मग रडायला लागले. इतकी, की दादा आतून पळत आला. टॅबलेट माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि त्याचा पारा चढला. "या कार्टीला काही पोच आहे की नाही? आत्ताच्या आत्ता फोन लावतो. आजारी माणसाशी असं बोलतात?"

"लावून तर बघ," मी म्हटलं. "किती दिवसांनी मला कुणीतरी रागावलंय."

बघ, लिहिता लिहिता 'आजारी' हा शब्द कागदावर आलाच. आता झाकून काय उपयोग?

लवंगी, जूनमध्ये मला पक्षाघाताचा झटका आला. तुझाच अभ्रा भरत बसले होते. वाटलं सुई निसटली. सुई जागेवरच होती, हात गेला होता. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. हॉस्पिटल झालं, मग घर. आता काठी घेऊन चालते. बोलते, पण शब्द घरंगळतात, म्हणून फोन उचलला नाही. पहिल्याच वाक्याला तू ओळखलं असतंस आणि नवी नोकरी टाकून पळत आली असतीस. दादाकडून मी वचन घेतलं होतं की तुला कळवायचं नाही. त्याला बोल लावू नकोस. काय भांडायचं ते माझ्याशी भांड.

हे पत्र डाव्या हाताचं आहे. पेन जुनंच आहे आणि टेबलही धड आहे.

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, उजव्या बोटाला रोज काहीतरी काम द्या. सुई धरवेना. तेव्हा तू टॅबलेटवर टाकून गेलेलं ते ॲप आठवलं. बोट थरथरतं, पण चौकोन थरथरत नाही. बसला तर नीट बसतो, चुकला तर पुसायचा. उसवायला कात्रीसुद्धा लागत नाही. तुला कुठे माहीत होतं पुढे काय वाढून ठेवलंय ते! पण ठेवून गेलीस, आणि त्यावर माझे दिवस निघाले.

दादा-वहिनीने या महिन्यांत माझं जे केलं, त्याला अंगच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचं नाही. पण घरात माझं सगळंच 'वा' होऊन बसलं. वाटाणे सोलले, वा. बटण लावलं, वा. मी शाळेत काय करायचे, तुला सांगू? जिच्या हातून काही व्हायचं नाही असं वाटायचं, तिला "छान हं" म्हणून पुढच्या बाकाकडे जायचे. उसवायला फक्त तिला सांगायचे, जिला जमेल असं वाटायचं. म्हणून घास गेला नाही त्या दिवशी. आणि म्हणून तुझा दणका वाचून रडले.

मग काय, उसवलं.

किटली नीट बघायची तर स्वयंपाकघरात जायला हवं. तोवर माझी धाव पलंगापासून खुर्चीपर्यंत. भिंत धरत धरत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. खिडकी डावीकडे आहे, हे इतकी वर्षं या घरात राहून चित्र काढताना आठवलं नव्हतं. पाणी तापत आलं की किटली गुणगुणते. उकळी फुटायच्या आधी जराशी गप्प होते. वाफ आधी तोटीतून निघते, झाकण मागून उठतं, तेही एकाच कडेने, थोडं थरथरतं आणि टपकन बसतं. पुन्हा पुन्हा पाणी ठेवायला लावलं. दिवसभर घरात चहाच चहा. दादा म्हणाला, "एका चित्रापायी गॅस संपवणार ही."

मी वाकून झाकण न्याहाळत होते, तेवढ्यात वहिनी मागून ओरडली, "अगं ए, डोकं ठिकाणावर आहे का? वाफेत तोंड घालतेस? सरक तिकडे!" आणि ओरडून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

"वहिनी, अजून एकदा ओरड ना," मी म्हटलं.

ती हसली, ओल्या हातानेच डोळे पुसले, आणि मग हळूच म्हणाली, "तुझी ती बिनदांड्याची किटली ना, भयंकर होती."

लवंगी, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे सगळं तुझ्यामुळे झालं.

आता भीती एकाच गोष्टीची आहे. हे वाचून तू मऊ पडशील. पुढच्या खेपेला लिहिशील, "आत्या, खूपच छान!" तसं करू नकोस. टाळ्या वाजवायला घरात दोघं आहेत. चुका काढणारी तू एकटीच, ती मला हवी आहे. पळत येऊ नकोस. सुट्टी मिळेल तेव्हा सवडीने ये, आणि आलीस की आधी मला रागाव, गळ्यात पडायचं ते नंतर.

अभ्रा या पत्राबरोबर पाठवते आहे, निम्मा भरलेला. सुई जिथे थांबली तिथेच खोवलेली आहे, पाकीट उघडताना जपून. राहिलेला भाग तू भर. झाला की फोटो पाठव, उलट्या बाजूचा. गाठ दिसली तर सोडायची नाही मी.

नवी किटली तुझ्या फोनवर पाठवली आहे. वाफेवर अजून माझं समाधान नाही, पण मी काही सुचवत नाही. तुझं तू बघ आणि काय उसवायचं ते लवकर कळव. बोट वाट बघतंय.

तुझ्या 'वा'ची मुळीच वाट न पाहणारी,
तुझी
आत्या

ता. क. सहीतला शेवटचा शब्द तेवढा उजव्या हाताने लिहिला आहे. कसा आलाय ते खरं सांग.