अडलेल्या ओळीचा ठेका

गुरुजी, आज मला इतका आनंद झालाय की तो सांगायला तुम्हीच हवे होतात. साखरखेर्ड्याच्या शाळेत कविता म्हणताना मी तिसऱ्या कडव्यात हटकून अडायचो. पोरं फिदीफिदी हसायची. तुम्ही मात्र कधी 'चुकला' म्हटलं नाही. टेबलावर डस्टरनं त्याच चालीचा ठेका धरून ठेवायचात आणि म्हणायचात, "इथवर झ्याक आला तू. पुढच्या ओळीत पाणी हाय. बोल बे!" पाणी आठवलं की ओळ धावत यायची.

आज तो ठेका कामाला आला. माझ्या नातीनं गावासाठी वेबसाइट केलीय. बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीची तक्रार त्या साइटवर भरायची, मग पंचनाम्याला माणूस येतो. मुदत आज संध्याकाळपर्यंतच. सकाळी शेजारीण आमच्या ओसरीवर भरायला बसली. घरचे सोयाबीन पेरू म्हणत होते. अळी लागत नाही म्हणून हिनंच हट्टानं बीटी कपाशी लावलेली, आणि आता बोंडं आतून पोखरलेली. क्षेत्राच्या रकान्यात तिनं आपण बोलतो तसं 'अडीच एकर' लिहिलं. साइटला नुसता आकडा हवा होता. लाल अक्षरं आली, 'चूक. अर्ज अमान्य.' आणि भरलेलं सगळं पुसून गेलं. ती उठलीच. "जाऊ द्या आबाजी. घरचे म्हणतात चूक माहीच, आता हेही तेच म्हणून राह्यलं."

ती गेली आणि मी नातीसमोर जाऊन उभा. "अगं, असं कोणी बोलते का माणसाशी?"

"आबा, ती नुसती एरर आहे."

"मग एररले बोलायले शिकव!" आणि गुरुजी, मी तुमचा ठेका टेबलावर वाजवून दाखवला, 'इथवर झ्याक आला'सकट. ती आधी हसली, मग तिची बोटं चालू लागली.

दुपारी शेजारणीला हाका मारमारून परत आणलं. तिनं पुन्हा सगळं भरलं आणि 'अडीच एकर'च लिहिलं. या वेळी काही पुसलं नाही. रकान्याखाली शांतपणे उमटलं, 'तुम्ही भरलेलं सगळं जपून ठेवलं आहे. इथं फक्त आकडा हवा. अडीच असेल तर २.५ लिहा.'

"हाव! आता कसं माणसावानी बोललं," म्हणत तिनं आकडा टाकला. तक्रार गेली, गुरुजी, मुदतीच्या आत! मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून उशीखाली ठेवतो. एक मात्र सांगतो. ते तिसरं कडवं मला केव्हाचं पाठ आहे. तरी म्हणताना त्या ओळीपाशी अजून थांबतो, आणि कान देतो.