लांडगे परतलेल्या रानाचा वारस

मी, इंगेगेर्ड हाल्क्विस्ट, वय ब्याऐंशी, अविवाहित, राहणार ग्रेनओस, वेर्मलँड, स्वीडन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न दोघांनी केला. त्यांची नावे पुढे येतीलच. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. घर आणि तळघरातले बटाटे माझी भाची सिग्ने हिला. ती गोथेनबर्गला राहते आणि मांस खात नाही, तेव्हा बटाटे कामी येतील.

२. बंदूक आमच्या शिकारी मंडळातल्या कुणाही परवानाधारकाला द्यावी, फक्त रूने बेर्गला नाही. मी पाडलेले एल्क हरीण त्याने एकदा आपले म्हणून सांगितले आणि आजतागायत सांगतो आहे. गोळी माझी होती.

३. आता रानाचे. माझ्या लहानपणी इथे लांडगे नव्हते, आता आहेत. मला ते नको आहेत. शहरातल्या लोकांनी हे वाक्य नीट वाचावे. आमची एल्क हरणाची शिकार मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यावर चालते. कुत्रा एकटा पुढे जातो, एल्कला अडवून भुंकत राहतो आणि आम्ही त्या आवाजाच्या मागाने जातो. तो आवाज लांडग्यांनाही ऐकू जातो. गेल्या ऑक्टोबरात माझा भाचा येर्कर याचा कुत्रा रॅप असाच भुंकत होता आणि मध्येच गप्प झाला. येर्करने त्याला आपल्या कोटात गुंडाळून आणले आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडला. मीही रडले.

मग म्हणाला, "आत्या, तू फक्त डोळे मीट. विष टाकतो. मारायचं, पुरायचं, गप्प बसायचं."

"आणि ते विष शेजारच्या वेर्नेरच्या कुत्रीनं खाल्लं तर? त्यालाही सांगशील गप्प बस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सिग्नेचा फोन. "मावशी, लांडगे आपल्याच घरी परत आलेत गं. तू रान माझ्या नावावर कर, मी शिकारच बंद करते."

"मग रॅप काय पाहुणा होता?" मी विचारले.

तर रान आणि त्यातला शिकारीचा हक्क येर्करला. चिखल तुडवणारा तोच आहे. मात्र त्याने किंवा त्याच्या संमतीने कुणी या रानात परवान्याविना लांडगा मारला किंवा विष टाकले, तर त्या दिवसापासून रान सिग्नेचे. सरकारने परवाना दिला तर त्याने उजळ माथ्याने लांडग्याच्या शिकारीला जावे, माझा आशीर्वाद आहे.

४. शिकारीनंतर मांसाचे ढीग लावतात. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारतो आणि पाठमोऱ्याने ज्याचे नाव घेतले त्याचा तो ढीग. इतकी वर्षे पाठ करून मी उभी राहिले. माझ्या पश्चात सिग्नेने उभे राहावे.

एवढे लिहून झाल्यावर मी येर्करला बोलावून साक्षीदारांसमोर सगळे वाचून दाखवले. मेल्यावर कुणाला धक्के देण्याची मला हौस नाही.

"अगं आत्या, ती तर मांसच खात नाही!"

"म्हणूनच. तिचा कुठल्या ढिगावर डोळा नसेल."

"आणि ही अट? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे, म्हणून रान तुला. तुझ्या रागावर नाही."

तो दार आपटून निघून गेला. मी एक अक्षर खोडले नाही. थोड्या वेळाने तो परत आला. गाडीतून आणलेला पत्र्याचा डबा त्याने कॉफीच्या कपांशेजारी ठेवला. झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद केलेले होते. आत काय आहे हे कुणी विचारले नाही.

५. सदर डबा मी या मृत्युपत्राने कुणालाही देत नाही. त्याची विल्हेवाट मी उद्या सकाळी, जिवंतपणी, स्वतः लावणार आहे. गाडी येर्कर चालवील.

ठिकाण: ग्रेनओस
दिनांक: १४ मार्च २०१९

सही: इंगेगेर्ड हाल्क्विस्ट

आम्हा दोघांसमक्ष, पूर्ण शुद्धीत व नेहमीच्याच हट्टाने सही केली:
१. वेर्नेर स्टोलनाके, शेजारी
२. ऑसा-लेना ब्रू, निवृत्त सुईण