ढेकणांची थाप

सांगली, शनिवार, १२ जानेवारी १९७४

संध्याकाळी वहिनी माझ्या संग्रहातल्या वाकवलेल्या प्लायवूडच्या जुन्या खुर्चीत टेकल्या आणि तोच आवाज आला. कट्. पाठ सांगाड्याला धरून ठेवणारी रबरी चकती सुटत आली आहे, कधीही पाठ निखळून बसणारा मागे पडेल, हे मला महिनाभर माहीत आहे. वहिनींना सातवा महिना.

तरी खरं बोलले नाही. म्हणाले, "वहिनी, उठा. खुर्चीत ढेकूण झालेत."

"व्हय वन्सं? मग सकाळी बंबातलं कढत पाणी वतते की."

कढत पाण्यानं प्लायवूडचे थर सुटतील. खरं सांगितलं, तर दादा खुर्ची फोडून बंबातच घालेल. आणि गप्प राहिले तर? ढेकूण मेले म्हणून वहिनी पुन्हा तिच्यातच टेकतील. कट्.

सकाळी बंब पेटायच्या आत दादाला खरं सांगायचं.