मागच्या अंगणातली तुती

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय खुर्च्यांचे वेतकाम (आता बोटे वळत नाहीत म्हणून बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने लिहीत आहे. ऐकायला मला कमी येते, समजायला कमी येत नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे.

वकिलांनी आधी एक मसुदा करून दिला होता. त्यात खोल्या, पाण्याची टाकी, मागची भिंत, सगळे होते. मी विचारले, "आणि तुती?" ते म्हणाले, "आजी, झाड वेगळं लिहायची गरज नसते. जमीन ज्याची, झाड त्याचं." मी म्हटले, "मग हा कागद तुमच्याकडेच राहू द्या. माझा मी लिहिते." न रागावता त्यांनी मला कोरे कागद दिले, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

कलम पहिले, घर. हे घर माझ्या पतीने बांधले. ते सुतार होते. दारे, खिडक्या, जिना, सगळे त्यांच्या हातचे. तुती मात्र आमच्याही आधीची. पाया आखताना ती आड येत होती. गवंडी म्हणाला, तोडून टाकू. यांनी दोरी सोडवली आणि मागची खोली दोन हात आखूड केली. झाडावर जीव आधी त्यांचा जडला होता, माझा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडले त्यावरून लोकांचा उलटा समज झाला.

हे घर मी माझ्या मुलाला देते. अट एकच: घर त्याच्या ताब्यात असेपर्यंत तुतीला करवत लागू नये. अट मान्य नसेल तर घर थेट माझ्या नातीच्या नावे व्हावे. तो वाईट वाटून घेईल. घेऊ दे. अटीचे कारण त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण या घरात ती गोष्ट कधी मोठ्याने बोलली गेली नाही.

मुलाच्या पाठची मला एक मुलगी होती. सगळे तिला खार म्हणत. शाळेतून आली की दप्तर पायरीवर आणि ही झाडावर. जेवायला हाक मारली की वरून आवाज येई, "आलेच!" आणि येत नसे. फ्रॉकवर जांभळे डाग, ओठ जांभळे, आणि खाल्ल्या नाहीत म्हणून तोंड वर करून सांगणार. तिला अकरावे लागले होते. त्या संध्याकाळी वारा नव्हता, झाड ओले नव्हते, फांदीही मोडली नाही. हात सुटला, एवढेच मला कळले. माझा मुलगा तिच्यापाशी सर्वांत आधी पोचला. तो तेव्हा चौदाचा होता.

तिला निरोप दिल्यावर काही दिवसांनी पती दोन मुठींची मोठी करवत घेऊन मागच्या अंगणात आले. ती एकट्याने ओढता येत नाही. दुसऱ्या टोकाला त्यांचे भागीदार होते. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"अगं, पोर गेली आपली या झाडापायी."

"म्हणूनच. तिचा हात अजून याच्यावर आहे. हे पाडलंत तर मी कशाला हात लावू?"

त्यांनी भागीदारांना म्हटले, "ओढ." भागीदारांनी माझ्याकडे पाहिले आणि आपल्या टोकाची मूठ सोडून दिली. म्हणाले, "दादा, वहिनी उभ्या आहेत. माझ्याच्यानं नाही व्हायचं." आणि तोंड फिरवून रडू लागले.

कलम दुसरे. पतीची सर्व हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, वाकस आणि कामाचे मोठे टेबल, मी या भागीदारांना देते. ते आता थकले आहेत, हत्यारांचा त्यांना उपयोग नाही, आणि "वहिनी, हे ठेवू कुठे?" असे ते विचारतील. कुठेही ठेवा, भावोजी. त्या दिवशी तुम्ही मूठ सोडलीत. मला दुसरे काही देता येत नाही.

कलम तिसरे, माझी नणंद. पुढच्या उन्हाळ्यात झाड लगडले. मी खाली पडलेल्या तुती वेचत होते, खात होते आणि रडत होते. नणंद दारात उभी राहून म्हणाली, "ज्या झाडानं लेक नेली, त्याची फळं गोड लागतात होय गं तुला?" मी उत्तर दिले नाही. आज देते. हो, लागत होती. तिच्या तोंडाला तोच वास असायचा. माझी लोकरी शाल नणंदेला द्यावी, तिला थंडी सोसत नाही. शाल दिली म्हणजे ते बोलणे विसरले असे तिने समजू नये.

माझे बँकेत जे आहे ते सुनेला. वेतकामाचे चिमटे, सुया आणि अर्धवट राहिलेली खुर्ची शेजारच्या बाईंना, त्यांनी ती पुरी करावी किंवा तशीच बसायला घ्यावी. पडतील असे वाटत नाही.

मागच्या खोलीतली खाट कोणाला द्यायची याचा मी खूप विचार केला. झाडाच्या त्या प्रसंगानंतर पती मागच्या अंगणात गेले नाहीत. मागच्या गल्लीत काम निघाले तरी पुढच्या दाराने वळसा घालून जात. मी झाडाखाली बसायची, ते पुढच्या खोलीत. भांडण नव्हते. एकमेकांचे सगळे केले, दुखले-खुपले पाहिले. फक्त मधल्या दाराशी दोघेही थांबायचो. वर्षानुवर्षे असेच चालले. मला वाटे, यांना झाडाचा राग आहे, आणि झाडापाशी बसते म्हणून माझाही.

मग त्यांच्या छातीचे दुखणे वाढले. डॉक्टरांनी आशा सोडली. एक दिवस म्हणाले, "माझी खाट मागच्या खोलीत टाक." मी आणि सुनेने टाकली. खिडकी उघडी होती. ते कितीतरी वेळ बाहेर बघत राहिले.

"वाढलंय गं."

"हो."

"ती पण केवढी झाली असती."

मी त्यांची उशी उंच केली. त्यांनीच विचारले, "शेंड्यावरून काय दिसायचं तिला?"

ही गोष्ट मी त्यांच्यापासून जपून ठेवली होती. पण मरणाऱ्या माणसाशी खोटे बोलवेना. म्हटले, "रस्त्याचं वळण दिसायचं. तुम्ही कामावरून येताना दिसायचात. त्यासाठीच चढायची."

ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी वळणावरून हात करायचो. ती पण करायची." मग तोंड भिंतीकडे फिरवले. "त्या दिवशीही मी केला होता."

तेव्हा मला कळले की राग झाडावर नव्हता, माझ्यावरही नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले, "अहो, बापाला बघून पोर हात करणारच." ते लहान मुलासारखे रडले. आमच्या सगळ्या संसारात मी त्यांना रडताना तेवढेच पाहिले. दोन दिवसांनी ते गेले. एवढी वर्षे एकाच छपराखाली होतो, आणि हे एक वाक्य म्हणायला मला इतका उशीर झाला. त्यांनी आधी विचारले असते, तर मी आधी म्हटले असते.

खाट तिथेच राहू द्यावी, कोणाला देऊ नये.

शेवटचे कलम माझ्या मुलासाठी. अंमलबजावणी सुनेने करावी, कारण तुला नाही म्हणायची ताकद तिच्यात आहे.

गेल्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा तुझी मुलगी खोडाला हात लावून उभी होती. मला म्हणाली, "आजी, चढू?" मी उत्तर देण्याआधी तू स्वयंपाकघरातून असा ओरडलास की पोर दचकून आत पळाली. नंतर तू नळाशी उभा राहून कितीतरी वेळ एकच पेला धूत होतास. बाळा, मी पाहिले. तुला काय दिसले ते मला माहीत आहे. मलाही तेच दिसते, रोज.

तरी सांगते. तिला चढू दे. तू खाली उभा राहा. मान दुखेल, छातीत धडधडेल, तरी तिथून हलू नकोस. ओरडू नकोस. ती वरून काय दिसते ते सांगेल, ते सगळे नीट ऐक.

हे मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि सही केली.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. आमचे डॉक्टर
२. चौथ्या घरातील निवृत्त शिक्षिका

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळ