पाण्याने फुगलेला श्री

बाबा,

अमरावतीहून तुमच्या छपाईच्या लाकडी खिळ्यांची, त्या अक्षरांच्या ठोकळ्यांची, पेटी इथे अकोल्याला पोचली. रेल्वेचं भाडं तीन रुपये, हमालाचे आठ आणे. तुम्ही गेल्यावर दादाने तुमचा राजापेठेतला छापखाना विकला. चिठ्ठीत लिहितो, "नवा मालक हे लाकूड घेत नाही. तुला नको असेल तर चुलीत घाल."

चुलीत कशी घालू? इथल्या छापखानेवाल्यांकडे नेली. ते म्हणाले, "माई, आता या लाकडाले कोण पुसते? कागदावर कसं दिसते ते दाखवा, मंग पाहू." म्हणून तुमच्यासारखीच जलशाची जाहिरात जुळवली. गवई नाही, तारीख नाही. अक्षरं दिसावीत एवढंच. वर 'गाण्याचा जलसा' वीतभर उंच, खाली ओळी लहान होत गेलेल्या. "अक्षराला श्वास घेऊ दे, पोरी," म्हणायचात, तशी मधे जागा सोडली. माथ्यावर श्री हवा. तो पेटीत नव्हता. तो माझ्या देव्हाऱ्यात होता.

मॅट्रिकच्या वर्षी मीच उचलला. जाहिराती फाटून श्री लोकांच्या पायाखाली यायचा, मला पाहवेना. तुम्ही खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकाकांवर ओरडताय, ते हात जोडून उभे: "मालक, बारा वर्सांपासून हात काळे करून राहिलो, मले चोर काहून म्हणता?" मी दाराआड, श्री माझ्या दप्तरात. दुसऱ्या दिवशी ते हिवरखेडला निघून गेले. तुम्ही नवा श्री कधी कोरून घेतला नाहीत.

परवा तो जुळवला तर बाकीच्या अक्षरांहून उंच उभा राहिला, कागदच फाडला त्याने. छापखानेवाले हसले, "माई, याले आंघोळ घालत होत्या काय?" रोज घालत होते, बाबा. गंध, फूल, पळीभर पाणी. त्यांनी तळ घासला तेव्हा कुठे तो ओळीत बसला. मग जाहिरात अशी उठली की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पाहत राहिला असतात. श्रीसकट सगळे खिळे ठेवून घेतो म्हणाले.

एक प्रत स्वयंपाकघरात लावली आहे. हे गेल्यापासून तिथे माझ्याशिवाय कोणी येत नाही. दुसरी काकांना पाठवायची आहे, चोर मी होते हे लिहून. ते हयात आहेत का, तेही ठाऊक नाही. हे पत्र टपालात पडणार नाही. देव्हाऱ्यात श्रीची जागा रिकामी आहे, तिथे ठेवीन. तरी काकांचं घर हिवरखेडात कुठल्या आळीत, तेवढं उलट टपाली कळवा.